माईनमुळा : फूल, मूळ आणि मुंबईचा पाऊस

माईनमुळ्याविषयी एकाच वेळी इतकी पत्रे येतील असे वाटले नव्हते. हिवाळ्यात मुंबईच्या भाजीबाजारात आले आणि ओली हळद यांच्या शेजारी काही आठवडे दिसणारे हे बोटाएवढे मातकट मूळ लोणच्यासाठी घेतले जाते आणि लोणचे संपले की विसरले जाते. त्याला निळसर जांभळ्या फुलांचे देखणे तुरे येतात, ते तुळस आणि पुदिना यांच्या कुळातले बहुवर्षायू झुडूप आहे आणि ते घरच्या कुंडीत होऊ शकते, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून या महिन्यात सदराची सगळी जागा याच एका झाडाला दिली आहे. सारख्या आशयाची पत्रे एकत्र केली असून प्रश्न थोडक्यात छापले आहेत.

प्रश्न : शेजारच्या गुजराती काकूंनी ‘गरमर’ म्हणून एक फांदी दिली. घरातल्यांच्या मते तो पानओवा आहे, मला मात्र तो माईनमुळा वाटतो. ओळखावे कसे? (एक वाचिका, मुलुंड)

उत्तर : गरमर आणि माईनमुळा ही एकाच झाडाची दोन नावे आहेत, त्यामुळे काकूंचे आणि आपले दोघींचेही बरोबर आहे. घरच्यांची गल्लत होणेही स्वाभाविक आहे, कारण पानओवा हा माईनमुळ्याचा अगदी जवळचा भाऊबंद. दोघेही ‘कोलियस’ या एकाच प्रजातीत मोडतात आणि रंगीबेरंगी पानांसाठी आपण कुंडीत लावतो तो शोभेचा कोलियसही त्याच घरातला. पानओव्याचे पान जाड, रसदार आणि कटकन मोडणारे असते आणि चुरगळले की ओव्याचा वास हात धुतला तरी जात नाही. माईनमुळ्याचे पान त्या मानाने पातळ, मऊ लव असलेले आणि कडेला बोथट दाते असलेले असते. त्याचा वास उग्र, किंचित कापरासारखा आणि कडवट असतो. दोन्हींची कोवळी फांदी बोटांत धरून फिरवून पाहावी, तुळशीसारखीच ती चौकोनी लागते. पण पानओव्याला उपटून पाहिले तर बारीक तंतुमुळेच हाती येतात. माईनमुळ्याला मात्र पाच-सहा महिन्यांत खोडाच्या बुडाशी मांसल मुळांचा झुपका धरतो, त्यातले एखादे मूळ वीतभर लांब आणि अंगठ्याएवढे जाड होते. कापले की आतून पिवळसर नारिंगी दिसते आणि आल्याच्या जवळ जाणारा, पण आल्याहून वेगळा सुगंध येतो.

शास्त्रीय पुस्तकांत हे झाड कोलियस बार्बाटस, प्लेक्ट्रँथस बार्बाटस किंवा कोलियस फोर्सकोली अशा तिन्ही नावांनी सापडेल, त्याने गोंधळून जाऊ नये. ‘बार्बाटस’ म्हणजे दाढी असलेला. फोर्सकोली हे नाव लिनियसचा शिष्य पेर फोर्स्कॉल याच्यावरून आले. हा निसर्गअभ्यासक वनस्पती गोळा करत फिरताना 1763 मध्ये येमेनमध्ये मरण पावला.

आपण मुलुंडच्या आहात म्हणून एक गोष्ट आवर्जून सांगते. याच मुळातून ‘फोर्सकोलिन’ नावाचे द्रव्य वेगळे करण्याचे काम 1970च्या दशकात आपल्याच उपनगरात, हेक्स्ट या औषध कंपनीच्या मुलुंड येथील संशोधन केंद्रात झाले. भारतीय औषधी वनस्पतींची तेथे पद्धतशीर तपासणी चालू होती, तीत माईनमुळ्याच्या अर्काने रक्तदाब उतरतो असे आढळले आणि 1977 मध्ये त्या द्रव्याची रेणुरचना प्रसिद्ध झाली. त्याच दशकात लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनेही या झाडातून ‘कोलिओनॉल’ वेगळे केले होते. ही दोन्ही द्रव्ये एकच, हे पुढे स्पष्ट झाले. पेशीच्या आतला एक महत्त्वाचा निरोप्या रेणू वाढवण्याची या द्रव्याची क्षमता अमेरिकेतील संशोधकांनी 1981 मध्ये दाखवून दिली आणि तेव्हापासून जगभरच्या जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत फोर्सकोलिनची कुपी ही नेहमीची वस्तू झाली. काकूंच्या बरणीतल्या मुळाचा आणि त्या कुपीचा संबंध मुलुंडमध्ये जुळला, याचे मला फार अप्रूप वाटते.

प्रश्न : जूनमध्ये लावलेले रोप जोमाने वाढले आणि जुलैच्या अखेरीस दोन दिवसांत माना टाकून बसले. माती ओली होती, म्हणजे पाणी कमी पडले असे नाही. गॅलरी पश्चिमेकडे आहे. चूक कोठे झाली? (एक वाचक, दादर)

उत्तर : माती ओली होती, हेच कारण आहे. आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रांतली तक्रार हीच असल्याने जरा विस्ताराने लिहिते.

माईनमुळा हा मूळचा कोरड्या डोंगरउतारांवरचा रहिवासी. हिमालयाच्या पायथ्यापासून दख्खनपर्यंत आणि पुढे श्रीलंकेत, तसेच पूर्व आफ्रिकेतही तो वाढतो, पण बहुतेक ठिकाणी उतारावर, जेथे पाऊस पडला की पाणी वाहून जाते. मुंबईत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो आणि त्यातला बराचसा मोजक्या दिवसांत पडतो. जमिनीत हे पाणी खाली झिरपते, कुंडीत त्याला जायला बुडाचे एक छिद्र असते आणि त्याच्याखाली आपण ताटली ठेवलेली असते. मुळांभोवतीच्या मातीतली हवा संपली की मूळकुजीची बुरशी आणि मर रोगाचे जिवाणू यांना रान मोकळे मिळते. मुळे कुजू लागली की भरपूर पाणी असूनही ते वर चढत नाही आणि पाने सुकल्यासारखी लोंबतात. ते पाहून आपण आणखी एक तांब्या पाणी घालतो आणि उरलेसुरले मूळही घालवतो.

पहिल्या वर्षी माझेही रोप असेच गेले. रोपवाटिकेतून आणलेल्या पिशवीतल्या लाल मातीत ते जसेच्या तसे लावले होते. मेल्यावर कुंडी उलटी केली तेव्हा मातीचा गोळा विटेसारखा अखंड निघाला, वरून घट्ट आणि आत चिखल. मुळे बोटांनी दाबताच त्यांची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि आत फक्त दोरा राहिला. आपल्या कुंडीतही बहुधा हेच दिसेल. एकदा उकरून खात्री करून घ्यावी, म्हणजे पुढच्या वेळी उपाय मनापासून होतील.

आता करायचे काय? कुंडी किमान बारा ते चौदा इंच रुंदीची आणि तेवढीच खोल असावी. तितकी ग्रो बॅग मिळाली तर अधिक चांगले, कारण तिच्या बाजूंनीही ओल सुटते. लाल माती निम्मीच घ्यावी. उरलेल्या निम्म्यात जाडसर वाळू किंवा विटांचा बारीक चुरा आणि पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत सारखे मिसळावे, शिवाय कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड घालावी. पावसाळ्यात कोकोपीट मात्र टाळावे. उन्हाळ्यात उपकारक ठरणारा तोच भुसा जुलैत पाणी धरून बसतो. कुंडी दोन विटांवर ठेवावी आणि ताटली दिवाळीपर्यंत काढून ठेवावी. वरच्या मजल्याच्या छज्जाचे किंवा एसीच्या नळीचे पाणी कुंडीत ठिबकत नाही ना, हे भर पावसात उभे राहून एकदा पाहावे. पुष्कळ घरांत खरा दोष तेथेच सापडतो. पश्चिमेची गॅलरी उन्हाच्या दृष्टीने उत्तम आहे, पण नैर्ऋत्येचा पाऊस तेथेच आत येतो, तेव्हा जुलै-ऑगस्टमध्ये कुंडी ग्रिलपासून भिंतीकडे सरकवावी. रोज चार-पाच तास ऊन मिळाले तर मुळे चांगली पोसतात. नुसत्या उजेडात झाड हिरवे राहते, पण मूळ भरत नाही.

लागवडीची वेळही महत्त्वाची आहे. शेतात माईनमुळा साधारण जून-जुलैत लावतात. मुंबईच्या गॅलरीसाठी माझा सल्ला वेगळा आहे. मेच्या मध्यावर सावलीत फांद्या रुजवाव्यात, म्हणजे मोठा पाऊस येण्याआधी रोपाला स्वतःची मुळे फुटलेली असतात. तो मुहूर्त चुकला असेल तर जूनची घाई न करता ऑगस्टच्या उत्तरार्धापर्यंत थांबावे. मुळे थोडी लहान राहतील, पण झाड हाती लागेल.

प्रश्न : बी कोठे मिळेल? गोराईला आमची थोडी जागा आहे, तेथे लावण्याचा विचार आहे. (एक वाचक, बोरिवली)

उत्तर : बियांच्या मागे लागू नये. बियांपासून रोपे होतात, पण सावकाश वाढतात आणि एकसारखी निघत नाहीत. शेतकरीही शेंड्याच्या फांद्याच लावतात. चार बोटे लांबीचा, तीन-चार पानांच्या जोड्या असलेला निरोगी शेंडा डोळ्याच्या खाली कापावा, खालची पाने काढावीत आणि वाळूमिश्रित मातीत सावलीत खोचावा. तीन-चार आठवड्यांत तो मुळे धरतो. जमिनीत लावताना वाफे सपाट न ठेवता उंच सरी करावी, दोन सऱ्यांत दोन फूट आणि दोन रोपांत दीड फूट अंतर ठेवावे. गोराईची आपली जागा खाडीलगत असेल तर पाणी किती दिवस तुंबते आणि माती खारी आहे का, हे एक पावसाळा पाहूनच निर्णय घ्यावा.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये सुंदर तुरे आले. मुळे मोठी हवी असतील तर तुरे खुडून टाका, असे एकाने सांगितले. मन होईना. खरेच खुडावेत का? (एक वाचिका, चेंबूर)

उत्तर : शेतीच्या हिशेबाने सांगणाऱ्याचे म्हणणे बरोबर आहे. फुलोरा आणि बी यांवर खर्च होणारे अन्न वाचले की ते मुळांत साठते, म्हणून मुळांसाठी पीक घेणारे शेतकरी तुरे दिसताच खुडतात. तुळशीच्या मंजिऱ्या खुडतो तेव्हा आपणही जवळपास हेच करतो.

तरीही, आपल्याकडे दोन कुंड्या असतील तर एकीचे तुरे राहू द्यावेत, असे मी म्हणेन. याचे कारण ते फूल जवळून पाहण्यासारखे आहे. पानओव्याची फुले इवलीशी असतात. माईनमुळ्याचे फूल त्यांच्यापेक्षा बरेच मोठे, दीड-दोन सेंटिमीटरचे असते आणि तुरा वीतभर उंच चढतो. फुलाला दोन ओठ असतात. वरचा ओठ आखूड आणि मागे वळलेला असतो, तर खालचा होडीसारखा खोलगट असतो आणि पुंकेसर व स्त्रीकेसर त्या होडीत झाकून ठेवलेले असतात. सकाळी आठ-नऊच्या सुमारास कुंडीपाशी शांत उभे राहावे. मोठा काळा भुंगा येऊन होडीवर बसला की त्याच्या वजनाने होडी खाली झुकते, आत लपलेले केसर उघडे पडतात आणि भुंगा मध पीत असताना त्याच्या पोटाला पराग लागतो. तो उडाला की होडी पुन्हा वर येते. चौथ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीत हे मी दर ऑक्टोबरात पाहते आणि त्या पंधरा दिवसांसाठी एका कुंडीतली मुळे बारीक राहिली तर राहू देते.

एकच कुंडी असेल तर मधला मार्ग आहे. पहिले दोन तुरे पूर्ण फुलू द्यावेत, पाकळ्या गळू लागताच बी धरण्याआधी ते कापावेत आणि नंतर येणारे खुडत राहावेत.

प्रश्न : डिसेंबरमध्ये झाड काढले. वरून ठणठणीत होते, पण मुळांवर सर्वत्र गाठी होत्या. ही मुळे खावीत का? (एक वाचक, घाटकोपर)

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रात साबुदाण्यापासून वाटाण्याएवढ्या गाठी माळेसारख्या ओवलेल्या दिसतात. हा मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा प्रादुर्भाव आहे आणि माईनमुळ्याचा सर्वांत मोठा शत्रू तोच आहे. डोळ्यांना न दिसणारे हे कृमी मुळांत शिरतात आणि त्यांच्याभोवती मुळाच्या पेशी फुगून गाठ तयार होते. सूत्रकृमी आणि मर रोगाची बुरशी एकत्र आली तर अख्खे शेत बसते. हे कृमी वनस्पतींवर जगणारे असल्याने माणसाला अपाय करत नाहीत. मात्र अशी मुळे लाकडी, किडकी आणि बेचव निघतात, त्यामुळे ती लोणच्यात घालू नयेत.

खरी काळजी मातीची घ्यायची आहे. ती माती दुसऱ्या कुंडीत, विशेषतः टोमॅटो, वांगी किंवा भेंडीच्या कुंडीत, मुळीच ओतू नये, कारण हे कृमी त्या पिकांवरही तितकेच खूश असतात. मे महिन्यात ती माती गच्चीवर पातळ पसरावी, ओली करून पारदर्शक प्लास्टिकने घट्ट झाकावी आणि चार ते सहा आठवडे तापू द्यावी. त्यानंतर तीत निंबोळी पेंड मिसळून एक हंगाम झेंडू लावावा, कारण झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी सूत्रकृमी कमी होतात. गच्ची नसेल तर ती माती सरळ टाकून द्यावी. पुढच्या वर्षीची फांदी याच झाडाची घ्यायला हरकत नाही, फक्त ती वरच्या शेंड्याची असावी आणि नव्या मातीत लावावी.

प्रश्न : मला रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. माईनमुळ्याने रक्तदाब उतरतो आणि वजनही घटते, असे ऐकून मुलाने त्याच्या अर्काच्या कॅप्सूल मागवल्या आहेत. त्या घ्याव्यात का? आणि लोणचे? (एक ज्येष्ठ वाचक, विलेपार्ले)

उत्तर : आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कॅप्सूल उघडूसुद्धा नये, अशी माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. फोर्सकोलिनने रक्तवाहिन्या सैलावतात आणि दाब उतरतो. आपल्या गोळ्याही तेच काम करत आहेत. दोन्ही एकत्र आले तर दाब नको तितका खाली जाऊन चक्कर येण्याचा, पडण्याचा धोका असतो. रक्तातल्या बिंबिकांच्या (प्लेटलेट्सच्या) एकमेकींना चिकटण्यावरही या द्रव्याचा परिणाम होतो, म्हणून रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी दुप्पट सावध राहावे. वजनाबाबत जाहिराती जितक्या ठाम असतात तितका पुरावा ठाम नाही.

लोणच्याची गोष्ट वेगळी आहे. वाळलेल्या मुळातही फोर्सकोलिनचे प्रमाण साधारणपणे अर्ध्या टक्क्याहून कमी असते आणि जेवताना आपण ओल्या मुळाच्या दोन-तीन चकत्या खातो, मात्र अर्क करताना तेच द्रव्य गोळा करून दाट केलेले असते. लोणच्यात आपल्यासाठी खरी चिंता मिठाची आहे. ताजी मुळे स्वच्छ घासून, साल हलकी खरवडून पातळ चकत्या कराव्यात आणि भरपूर लिंबाचा रस, थोडे मीठ, मोहरीची पूड आणि हिरवी मिरची घालून थोडेच कालवावे. ते शीतकपाटात ठेवून आठवड्याभरात संपवावे. टिकाऊ लोणच्याइतके मीठ त्याला लागत नाही. पहिल्या दिवशी चव कडवट लागते, तिसऱ्या दिवशी लिंबू मुरले की उतरते.

एक गोष्ट याला जोडून. काही ग्रंथांत आणि दुकानांत माईनमुळ्याला ‘पाषाणभेद’ म्हटलेले आढळते. त्या नावाने देशाच्या वेगवेगळ्या भागांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, तेव्हा नावावर विसंबून मूतखड्यासाठी कुंडीतले मूळ उगाळून घेऊ नये.

प्रश्न : मुळे केव्हा काढावीत? आणि झाड बहुवर्षायू आहे म्हणता, मग मुळे काढल्यावर ते उरते कसे? (अनेक पत्रांतून)

उत्तर : लावल्यापासून पाच-सहा महिन्यांनी खालची पाने पिवळी पडून गळू लागली की मुळे तयार झाली असे समजावे. मेमध्ये रुजवलेले रोप साधारण डिसेंबरात आणि ऑगस्टमध्ये लावलेले फेब्रुवारीत तयार होते. आधी आठवडाभर पाणी तोडावे, म्हणजे माती सुटी होते. मग झाड ओढून न काढता कुंडीच आडवी करावी आणि माती हाताने मोकळी करत जावी, कारण मुळे ठिसूळ असतात आणि मोडलेले मूळ लवकर सुकते. एका कुंडीतून बरणीभर लोणचे होईल, अशी अपेक्षा ठेवू नये. घरातल्या चार माणसांना आठवडाभर पुरेल एवढे निघाले तर कुंडी उत्तम पोसली असे म्हणावे.

मुळे काढण्यापूर्वी शेंड्याच्या चार-पाच फांद्या कापून वेगळ्या रुजवाव्यात. न काढता ठेवलेले झाडही वर्षानुवर्षे जगते, पण दुसऱ्या वर्षापासून मुळे राठ होत जातात आणि खोड लाकडी होते, म्हणून खाण्यासाठी दरवर्षी नवे रोप आणि फुलांसाठी जुने झाड, अशी वाटणी मी करते. एप्रिल-मे हा या रोपांचा कसोटीचा काळ. दुपारचे ऊन टळेल अशा जागी ती ठेवावीत, मातीचा वरचा बोटभर थर सुकल्यावरच पाणी घालावे आणि पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण आहे असे समजून ओल्या फडक्याने लगेच पुसून काढावा. ज्यांचे रोप या पावसाळ्यात गेले, त्यांनी आता हिवाळ्यात शेजारीपाजारी चौकशी करावी. ज्या घरात गरमरची बरणी भरली जाते, त्या घरात कोणाच्या तरी कुंडीत याची एखादी फांदी असण्याचा संभव असतो, आणि शेंडा खुडल्याने त्यांच्या झाडाला आणखी दोन फांद्याच फुटतात.